नको म्हणणारं पान

१२ रोपं, त्यांची पूर्ण उमललेली ५६ पानं आणि त्यांपैकी ३१ पानांना चिकटलेले मेलेले किडे, नाहीतर त्यांचे उरलेसुरले पाय-पंख. चार्ल्स डार्विनचं ‘इन्सेक्टिव्होरस प्लँट्स’ हे पुस्तक अशा हिशेबाने सुरू होतं. साल १८६०, जागा इंग्लंडच्या ससेक्स परगण्यातलं एक ओसाड माळरान, आणि झाड म्हणजे जमिनीलगत पानं पसरून बसणारं, गोल पानांचं दवबिंदू. ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ प्रसिद्ध होऊन वर्षही झालेलं नाही, सगळीकडे वादंग माजलंय, आणि ज्याच्यामुळे हे सगळं चाललंय तो गृहस्थ माळावर वाकून मेलेल्या माश्या मोजतोय! त्याच वर्षी नोव्हेंबरात भूशास्त्रज्ञ लायेलला लिहिलेल्या पत्रात त्याने कबूलच करून टाकलं, की जगातल्या यच्चयावत जीवजातींच्या उगमापेक्षा मला सध्या या झाडाची जास्त पडली आहे. त्याची बायको एमा हिने लायेलच्या बायकोला कळवलं ते आणखी गमतीचं. तिच्या मते नवरा या झाडाला प्राण्यासारखंच वागवत होता आणि शेवटी तो प्राणीच आहे असं सिद्ध करून दाखवायची त्याला आशा होती.

पुस्तक यायला मात्र १८७५ उजाडलं. मधली १५ वर्षं इतर पुस्तकांत आणि आजारपणात गेली, पण पानांवर काहीबाही ठेवून पाहण्याचा नाद सुटला नाही. पुस्तकाची १८ प्रकरणं आहेत, त्यांतली पहिली ११ या एकाच दवबिंदूवर खर्ची पडली आहेत. जगभरच्या मांसाहारी वनस्पतींची जंत्री हवी असणाऱ्याने हे पुस्तक हातात घेऊ नये. ज्याला एका पानासमोर ठाण मांडून बसायचंय त्याने घ्यावं.

मांसाहारी वनस्पती म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आधी जबडा येतो. माणसं गिळणाऱ्या झाडांच्या भाकडकथा एके काळी सगळीकडेच चवीने वाचल्या जात. डार्विनच्या पानांत असला थरार शोधूनही सापडत नाही. झाड किडा कसा पकडतं हे तो सांगतो, नीट सांगतो, पण त्याचं खरं कुतूहल दुसऱ्याच गोष्टीत आहे. हे पान कशाकशाला दाद देत नाही, ते त्याला जाणून घ्यायचंय. मला हे पुस्तक आवडतं ते या नकारांसाठी.

आधी पान पाहू. डार्विनने ३१ पानांवरचे तंतू मोजले. एका पानावर सरासरी १९२, कमीत कमी १३०, जास्तीत जास्त २६०. प्रत्येक तंतूच्या टोकाला एक लालसर ग्रंथी आणि तिच्यावर चिकट रसाचा थेंब. उन्हात तो दवासारखा चमकतो. माशी टेकली की आधी तिचे पाय चिकटतात. ती धडपडते तसे आणखी थेंब लागतात. मग ज्या तंतूला ती चिकटली तो आतल्या बाजूला वाकायला लागतो. कच्च्या मांसाचा तुकडा ठेवला तर दहा सेकंदांत हालचाल स्पष्ट दिसल्याची नोंद आहे. माशी पानाच्या मध्यावर पोचली, की कडेचे जे तंतू तिला शिवलेलेही नाहीत ते पुढच्या काही तासांत एकेक करून तिच्यावर झुकतात. निरोप मध्यातून कडेला गेलेला असतो. झाडात मज्जातंतू नसताना तो जातो कसा, या प्रश्नावर डार्विनने अख्खं एक प्रकरण घालवलंय.

आता नकार. त्याने पानांवर उंचावरून पाण्याचे थेंब टाकले. तंतू हलले नाहीत. मुसळधार पावसानेही हलत नाहीत. ग्रंथीला एकदा, दोनदा, तीनदा कठीण वस्तूने स्पर्श केला तरी बहुतेक वेळा काही होत नाही. वाऱ्याने शेजारच्या गवताचं पातं घासून जातं तेव्हा वाकत बसणं म्हणजे फुकटचा खटाटोप, हे कारणही तो देतो.

पावसाचा हा मुद्दा ससेक्सपेक्षा आपल्याकडे जास्त पटतो. साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावर दवबिंदूच्या दोन जाती उगवतात. एक गवतासारखी उभी वाढणारी, लांब सुतळीसारख्या पानांची; दुसरी जमिनीला चिकटून बसणारी, चक्राकार पानांची. जांभ्या दगडाचा सडा, त्यावर जेमतेम चिमूटभर माती, आणि पावसाचे चार महिने त्या मातीतलं नत्र धुऊन नेणारं पाणी. ही झाडं किडे खातात ती त्या नत्रासाठी. ज्या पावसाने माती उपाशी ठेवली त्याच पावसाच्या प्रत्येक थेंबाला दवबिंदूने मूठ वळायची ठरवली असती, तर आषाढाच्या पहिल्या आठवड्यातच त्याची ताकद संपली असती.

पावसाला न हलणारं हे पान कशाला हलतं? इथे पुस्तकातला सगळ्यात प्रसिद्ध प्रयोग येतो. डार्विनने माणसाच्या केसाचे बारीक तुकडे ग्रंथींवर ठेवले. केसाचं वजन लंडनच्या एका प्रयोगशाळेत अचूक तराजूवर करून घेतलं, तुकड्याची लांबी सूक्ष्ममापकाने मोजली आणि हिशेबाने तुकड्याचं वजन काढलं. इंचाचा ८ सहस्रांश लांबीचा, म्हणजे जेमतेम पाव मिलिमीटरचाही नाही असा तुकडा. वजन ०.०००८२२ मिलिग्रॅम. एवढ्याने तंतू वाकला! त्यातही त्या तुकड्याचा बराचसा भार ग्रंथीवरच्या घट्ट रसाने तोलून धरलेला. माणसाच्या जिभेला असला तुकडा जाणवणारही नाही, हे डार्विन आवर्जून सांगतो. आकाशातून आदळणारा थेंब चालत नाही आणि नुसता टेकून राहिलेला केस चालतो. फरक जोराचा नाही, टिकून राहण्याचा आहे. किडा टिकून राहतो.

स्पर्शानंतर चव. काचेचा तुकडा ठेवला तरी तंतू वाकतात, पण मांसाला धरतात तितका वेळ धरून बसत नाहीत. लवकर मोकळे होतात. पिठाचा कण, चरबी यांचं पचन होत नाही. उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्या बलकाचे छोटे चौकोनी तुकडे ठेवले तेव्हा मात्र गंमत झाली. त्या तुकड्यांचे कोपरे आधी गोल झाले, मग कडा विरघळल्या, शेवटी सगळाच द्रव झाला. प्राण्याच्या जठरातल्या रसात असंच होतं. मग तो मध्येच सोड्याच्या क्षाराचा थेंब टाकतो. पचन थांबतं. आम्लाचा थेंब टाकतो. पचन पुन्हा सुरू. जठरातला पेप्सिन आम्लाशिवाय काम करत नाही, तसाच हा रसही करत नाही. टेबलावरच्या एका पानावर, अंड्याच्या कणाएवढ्या तुकड्याच्या कडा पाहून, प्राणी आणि वनस्पती यांच्या पोटातलं साम्य सिद्ध करणारी ही दोन-तीन पानं मी पुन्हापुन्हा वाचतो. यात एकही विशेषण नाही. कोपरे गोल झाले, एवढंच.

यानंतर मात्र वाचकाची कसोटी लागते. अमोनियाचे क्षार, इतर क्षार, आम्लं, अल्कलॉइडं: प्रकरणामागून प्रकरण, तक्त्यामागून तक्ता. पेशींतला जांभळा द्रव गोळा होतो आणि पसरतो, यावर जे लांबण लावलंय ते आज वाचवत नाही. पण याच रुक्ष प्रदेशात दोन रत्नं पडलेली आहेत, म्हणून नुसती पानं उलटून चालत नाही.

पहिलं, सोडियम आणि पोटॅशियम. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ही सख्खी भावंडं. डार्विनने सोडियमचे नऊ क्षार पानांवर घालून पाहिले, नवांच्या नवांनी तंतू वाकले. त्यांच्याच जोडीचे पोटॅशियमचे नऊ घातले, तर सातांना पानाने दाद दिली नाही. इतका सूक्ष्म भेद करणारं हे झाड अमोनियाच्या फॉस्फेटच्या बाबतीत तर थक्क करतं. ग्रेन या जुन्या इंग्रजी वजनाच्या दोन कोटीव्या भागाइतका अंश एका ग्रंथीत शिरला तरी तंतू वाकतो. आकडा लिहिताना डार्विनलाच तो खरा वाटेना.

दुसरं रत्न भारतातून गेलं. कलकत्त्यात राहून इथल्या विषारी सापांवर मोठा ग्रंथ लिहिणारे डॉ. जोसेफ फेअरर यांनी डार्विनला नागाचं वाळवलेलं विष दिलं. प्राण्यांना क्षणात लोळवणारं हे विष त्याने दवबिंदूच्या पानांना पाजलं. पानं मेली नाहीत. तंतू झपाट्याने वाकले आणि पेशींतल्या हालचाली उलट जोराने सुरू राहिल्या. झाडाला ते उत्तेजकच ठरलं. नवऱ्याला या झाडाचा प्राणी करायचाय, ही एमाची थट्टा या प्रयोगापाशी येऊन अडते. पचनात प्राण्यासारखं असलेलं झाड विषाच्या परीक्षेत प्राणी ठरायला साफ नकार देतं, आणि डार्विन तेही तितक्याच निर्विकारपणे टिपून ठेवतो.

तेराव्या प्रकरणात व्हीनस फ्लायट्रॅप येतो आणि पुस्तकाची लय बदलते. अमेरिकेतल्या नॉर्थ आणि साउथ कॅरोलिनाच्या किनारपट्टीवर, विल्मिंग्टन गावाच्या आसपासच्या चिंचोळ्या पट्ट्यातच हे झाड मुळात उगवतं. १७५९ मध्ये तिथले गव्हर्नर आर्थर डॉब्ज यांनी लंडनला पत्राने त्याची खबर दिली होती. आज ते जगभर कुंड्यांत दिसतं, आणि मूळ ठिकाणाहून इतकं चोरीला जातं की नॉर्थ कॅरोलिनाने २०१४ मध्ये ती चोरी गंभीर गुन्हा ठरवली. डार्विनच्या लेखी ते जगातल्या सर्वांत अद्भुत झाडांपैकी एक.

पण अद्भुत म्हणून हात जोडून तो थांबत नाही. त्याने इथेही केसच आणला. पानाच्या दोन्ही पाळ्यांवर तीन-तीन ताठ कुसळं असतात, त्यांना धक्का लागला की पान मिटतं. डार्विनने केस अलगद कुसळावर टेकवला. काही नाही. दवबिंदूला ज्याचा लहानसा तुकडा पुरला, त्याहून कितीतरी मोठा केस इथे वाया गेला. उलट, दवबिंदूने ज्याची दखल घेतली नसती असा जाडसर दोऱ्याचा निसटता स्पर्श झाला आणि पान खाडकन मिटलं. दोन्ही झाडं एकाच कुळातली, आणि नकार बरोबर उलटे! कारण त्याने जे दिलंय ते मला या पुस्तकाचा कळस वाटतं. दवबिंदूकडे चिकट रस आहे, शिकार जागची हलत नाही, तेव्हा त्याला घाई नाही. टेकून राहणाऱ्या वजनाची खात्री करून घेतलेली बरी. फ्लायट्रॅपकडे चीक नाही. पहिल्या स्पर्शाचा क्षण चुकला की किडा उडाला. मग पाऊस? पाण्याचे थेंब टाकून पाहिले, नळीतून जोराने फुंकर मारून पाहिली. पान ढिम्म. वादळवाऱ्यालाही त्याचा नकार आहे.

पुढच्या संशोधकांनी यात भर घातली. साधारणपणे एका स्पर्शाला पान दाद देत नाही. थोड्या सेकंदांत दुसरा स्पर्श व्हावा लागतो. आत अडकलेला किडा धडपडत राहिला आणि स्पर्शांची संख्या वाढत गेली, तरच पाचकरसाची तयारी सुरू होते, हे जर्मनीतल्या व्युर्त्सबुर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं. पानाला पाचापर्यंत मोजता येतं, अशा मथळ्यांनी तेव्हा वर्तमानपत्रं भरली होती. डार्विनला हा मथळा आवडला नसता, प्रयोग आवडला असता.

फ्लायट्रॅपचं पान मिटतं तेव्हा लगेच गच्च मिटत नाही. कडेचे लांब काटे एकमेकांत गुंततात आणि मध्ये फटी राहतात. डार्विन म्हणतो, या फटी लहान किड्यांना निसटू देण्यासाठी आहेत. एकदा मिटून पचवायला बसलं की पान कित्येक दिवस अडकून पडतं, चिलटासाठी तेवढे दिवस घालवणं परवडत नाही. म्हणणं चतुर आहे, पण पुरावा? तो अमेरिकेतून मागवला. डॉ. कॅन्बी यांनी जंगली झाडांची १४ पानं, आतल्या शिकारीसकट, पाठवून दिली. चार पानांत लहान जीव निघाले: तीन मुंग्या आणि एक छोटी माशी. उरलेल्या दहांत मात्र दणकट ऐवज, बहुतेक भुंगेरे, शिवाय एक जाडजूड कोळी आणि एक गोम. दहांची सरासरी लांबी पाव इंचापेक्षा किंचित जास्त. चौदा पानांचा नमुना आजच्या संशोधन-पत्रिकेत कुणी स्वीकारणार नाही. पण पानं उघडून एकेक भुंगेरा फुटपट्टीवर ठेवणारा साठीतला माणूस डोळ्यांसमोर आणला की तक्रार करवत नाही.

यापुढे पुस्तक भराभर चालतं, आणि खरं सांगायचं तर थोडं पातळही होतं. अल्ड्रोव्हँडा हा फ्लायट्रॅपचा पाण्यात तरंगणारा, बिनमुळांचा भाऊबंद. सतराव्या शतकाच्या शेवटी युरोपातल्या ग्रंथांत त्याची पहिली नोंद झाली ती भारतातून गेलेल्या नमुन्यावरून. पोर्तुगालच्या कोरड्या टेकड्यांवरचा ड्रोसोफायलम इतका चिकट, की पोर्तो शहराजवळचे खेडूत माश्या धरायला तो घरात टांगून ठेवत. कीटकभक्षी झाडं दलदलीतच उगवतात, या समजाला हे एकच झाड पुरून उरतं.

दक्षिण आफ्रिकेतल्या रोरिड्युलापाशी मात्र थांबलं पाहिजे. लंडनच्या क्यू उद्यानातून आलेली वाळकी पानं पाहून डार्विनने त्याला किडे पचवणाऱ्यांच्या पंगतीत बसवलं. पानं चिकट, किडे अडकलेले. संशय घ्यायला जागा नव्हती. पण रोरिड्युला काहीच पचवत नाही. त्याचा चीक राळेसारखा, त्यात पाचकरस नाही. त्या झाडावर एक ढेकणाच्या जातीचा कीटक राहतो, त्याला तो चीक बाधत नाही. अडकलेले किडे हा खातो, पानावर विष्ठा टाकतो, आणि तिच्यातलं नत्र पान शोषून घेतं. किडे पकडायचे आणि खायचे मात्र नाहीत! नकारांच्या मालिकेतला हा सर्वांत मोठा नकार डार्विनच्या हातून निसटला, कारण वाळलेल्या पानांवर तो ढेकूण चालत नव्हता.

घटपर्णींना या पुस्तकात प्रकरण नाही. त्यांचा अभ्यास त्याचा मित्र जोसेफ हूकर करत होता आणि १८७४ मध्ये बेलफास्टच्या विज्ञान-संमेलनात त्याने त्यावर भाषणही दिलं होतं. मित्राच्या वाफ्यात डार्विन शिरला नाही. वाचक म्हणून मला ही उणीव जाणवते, कारण जगातलं सगळं वैविध्य जणू या घटांतच भरलंय. मेघालयातली नेपेन्थिस खासियाना ही आपली देशी घटपर्णी. व्हेनेझुएलाच्या सपाट माथ्यांच्या डोंगरांवर हेलिअम्फोरा, अमेरिकेच्या दलदलीत सारासेनिया, ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात सेफालोटस: नाती दूरदूरची, घट मात्र सगळ्यांनी आपापल्या परीने घडवलेले. आणि नकाराचा धागा इथेही आहेच. बोर्निओतल्या नेपेन्थिस लोवीच्या मोठ्या झाडांनी किडे पकडणं जवळजवळ सोडूनच दिलंय. घटाच्या झाकणावर ती गोड स्राव ठेवतात. खारीसारखा दिसणारा एक छोटा प्राणी तो चाटायला घटावर बसतो आणि बसल्याबसल्या आत लेंड्या टाकतो. झाडाचं भागतं. त्याच बेटावरची नेपेन्थिस हेमस्लेयाना आपल्या घटात वटवाघळाला दिवसा झोपायला जागा देते, भाडं विष्ठेच्या रूपात घेते. घटाची मागची भिंत वटवाघळाच्या आवाजाचा प्रतिध्वनी नीट परतवील अशी घडलेली आहे.

शेवटची दोन प्रकरणं बहुतांशी युट्रिक्युलेरियाची. आपण तिला सीतेची आसवं म्हणतो. भाद्रपदात कासच्या पठारावर जो निळा-जांभळा गालिचा पसरतो, त्यात गेंदांच्या पांढऱ्या गोळ्यांइतकाच मोठा वाटा तिचा. लोक फुलांचे फोटो काढतात. शिकार मात्र खाली, ओल्या मातीत चाललेली असते. टाचणीच्या डोक्याहूनही लहान पिशव्या, त्यांना आत उघडणारी झडप, आणि आत गेलेला सूक्ष्म जीव पुन्हा बाहेर येत नाही.

इथे डार्विन चुकला, आणि चुकतानाच तो मला सर्वांत जवळचा वाटतो. त्याने झडपेला सुईने, कुंचल्याच्या केसाने डिवचून पाहिलं. झडप हलली नाही. म्हणून त्याने ठरवलं की या सापळ्यात हालचाल नाही. जीवच डोक्याने ढुशी देऊन आत घुसतात. जो माणूस दवबिंदूच्या नकारातून अर्थ काढत आला, त्याने या नकारावर जरा जास्तच विश्वास ठेवला. न्यू जर्सीत राहून सूक्ष्मदर्शकाखाली हाच सापळा पाहणाऱ्या मेरी ट्रीट यांचे निष्कर्ष त्याने आदराने नोंदवलेत. पण त्याच प्रकरणात एक विचित्र नोंद आहे. त्याने निळ्या काचेचे बारीक कण झडपेवर ठेवले होते, निळे अशासाठी की सहज दिसावेत. त्यांतला एक कण अचानक दिसेनासा झाला. आपल्या हातून उडाला असेल म्हणून शोधलं, तर तो पिशवीच्या आत! त्याच्या मुलाने लाकडाचे बारीक कण ठेवले होते, तेही असेच गडप झाले. याचा उलगडा त्याला झाला नाही, आणि आपल्या म्हणण्याला छेद देणारी ही नोंद त्याने गाळलीही नाही.

पिशवी आतलं पाणी बाहेर टाकून भिंती आत ओढून धरते, झडपेवरची कुसळं हलली की क्षणात फुगते आणि पाण्यासकट जीव आत खेचला जातो, हे विसाव्या शतकात उमगलं. अतिवेगवान कॅमेऱ्यांनी २०११ मध्ये मोजलं तेव्हा सगळा प्रकार एक मिलिसेकंदाच्या आत उरकलेला दिसला. डोळा उघडा असूनही दिसणार नाही एवढा हा वेळ.

पुस्तक वाचायला घेणाऱ्याने पहिली चार-सहा प्रकरणं सावकाश वाचावीत, क्षारांच्या तक्त्यांवरून नजर फिरवताना नागाचं विष सोडू नये आणि मग थेट फ्लायट्रॅपवर जावं. चित्रंही पाहावीत. दवबिंदू आणि फ्लायट्रॅप जॉर्जने काढलेत, अल्ड्रोव्हँडा आणि युट्रिक्युलेरिया फ्रान्सिसने. दोघंही डार्विनचेच मुलगे. एक प्रश्न मात्र पुस्तकभर अनुत्तरित राहतो: किडे खाऊन झाडाचं खरोखर भलं होतं का? तो पुढे फ्रान्सिसनेच सोडवला. दवबिंदूच्या रोपांचे दोन गट करून एकाला त्याने भाजलेल्या मांसाचे कण भरवले, दुसऱ्याला उपाशी ठेवलं. खाल्लेल्या रोपांना दुपटीहून जास्त बी धरलं.